सातची खुंटी

आक्का, परवा तुमचं तेरावं झालं. बुंदी होती, मटकीची उसळ होती, आणि हात धुता धुता गावातली प्रत्येक बाई एकच वाक्य बोलून जात होती, "सोनं झालं म्हातारीचं. कुणाला तरास दिला न्हाई." मी पंगतीत वाढत होते. हातातला डाव तिथंच आपटावा असं वाटलं. कुणाला त्रास दिला नाही म्हणे! द्यायला पाहिजे होता. वर तीन माणसं राहतात, एक हाक मारायची होती, एखादं भांडं खाली फेकायचं होतं. आयुष्यभर सगळ्यांना फाडफाड बोललात आणि नेमक्या त्या दिवशी गप्प राहिलात. एवढा समजूतदारपणा तुम्हाला कुणी सांगितला होता?

ह्या बायांना मी कोण ते माहीत आहे. आक्काची भाडेकरीण, वरच्या मजल्यावरची, परभणीकडची, कानाला दांडी लावून दिवसभर इंग्रजीत बडबडणारी. "तू तर लेकीवाणी केलंस गं तिचं," असंही दोघी-तिघी म्हणाल्या. मी पुढच्या ताटाकडे सरकले. त्यांना जे माहीत नाही ते दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती होत नाही, म्हणून तुम्हालाच सांगायला बसले आहे. तुम्ही मला ओळखून आहात. रडायच्या आधी मी चिडते.

आम्ही भरे गावात आलो त्याला तीन वर्षं झाली. महेशची कंपनी पिरंगुटला, माझं ऑफिस हिंजवडीला, दोघांच्या मधलं काहीतरी म्हणून तुमचं घर. खाली तुम्ही आणि तुमची चंद्री म्हैस, वर आम्ही. सई तेव्हा तीन वर्षांची होती. महेशची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, एकदा सकाळी सातला जायचा, एकदा दुपारी तीनला, एकदा रात्री अकराला. मला आठवड्यातले दोन दिवस घोटवड्यावरून हिंजवडीला जायचं असायचं आणि बाकीचे दिवस घरूनच काम, त्यात संध्याकाळी परदेशातल्या लोकांचे कॉल. लेकरू कधी जेवलं, कधी झोपलं, कुणाला पत्ता नसायचा. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक रविवार खर्ची घातला आणि एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं. रंगीत चौकोन, पंधरा पंधरा मिनिटांचे. प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवलं.

तुम्ही खरवस घेऊन वर आलात आणि त्या कागदासमोर उभ्या राहिलात. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण रंग बघूनच तुम्हाला संशय आला.

"ह्ये काय येस्टीचं टाइमटेबल लावलंयस?"

मी मोठ्या कौतुकानं वाचून दाखवायला लागले. सहा दहा ते सहा पंचवीस, योगा.

"योगा म्हंजी हातपायच हालवायचं ना? मंग खाली ये की. शेणाची पाटी उचलू लाग मला."

पुढे गेले. संध्याकाळी पावणेसहा ते सहा, क्वालिटी टाइम.

"आन ह्ये?"

"सईबरोबर खेळायची वेळ, आक्का."

तुम्ही खरवसाचं ताट ओट्यावर ठेवलंत. "पंधरा मिन्टं व्हय? आन मंग बाकीच्या येळंला तू तिची कोन असतीस?"

मला असा राग आला होता! तीन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. खरवस मात्र खाल्ला.

तो कागद एक आठवडा चालला. दुसऱ्या सोमवारी महेशची शिफ्ट फिरली आणि सगळे चौकोन कोसळले. तो रात्रपाळी करून सकाळी घरी आला, मी "सात चाळीस, आंघोळ" म्हणत सईला बाथरूमकडे ओढत होते, ती भिंतीला चिकटून बसलेली, मी ओरडत होते, महेश माझ्यावर ओरडत होता. माझं ओरडणं गोठ्यापर्यंत गेलं असणार. तुम्ही गुडघ्यावर हात देत जिना चढून आलात. सईला कडेवर घेतलंत आणि खाली निघून गेलात. मागून मी आले, रडत, तर तुम्ही तिला चंद्रीपाशी बसवून दूध पाजत होतात.

"अश्विने, हिकडं बघ," तुम्ही म्हणालात. "म्हशीला बांदायची कशी? खुंटी घट्ट पायजे, आन दावं वाईच सैल. दावं आखूड केलं तर जनावर गळ्याला फास लावून घेतं. लई लांब सोडलं तर दुसऱ्याच्या वाफ्यात जातं. तू काय केलंयस, जागोजाग निसत्या खुंट्याच ठोकल्यास. त्या पोरीनं हालावं कुटं?"

"मग काय करू?" मी म्हणाले. खरंच विचारलं होतं, आक्का. मला दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. आई परभणीला, सासूबाई आजारी, आणि ऑफिसातल्या बायका मला नवीन ॲपची नावं सांगायच्या.

तुम्ही बोटं दुमडत सांगितलंत. "तीन खुंट्या ठेव. बास. येक, सकाळी सातला खाली यायाचं, दूध न्ह्यायाचं आन मला तोंड दाखवायाचं. दोन, दिसातनं येकदा तिगांनी येकत्र जेवायाचं, कवा ते तुमचं तुमी बगा. तीन, दिवा लावला की पोरीला जेवाय घालायाचं, मंग फोनवर कुनी का सायेब आसंना. बाकी जमंल तसं."

मी वर जाऊन तो रंगीत कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी लिहिल्या. अजून फ्रिजवर तोच आहे.

घर चाललं त्याच्यावर. तुमच्यासमोर हे मी कधी कबूल केलं नाही, कारण तुम्ही चार दिवस मिरवलं असतं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आम्ही संध्याकाळी एकत्र जेवायचो, सेकंड शिफ्टला दुपारी, आणि थर्ड शिफ्टला सकाळी साडेसातला भात-आमटी. सई शाळेत सांगायची, आमच्याकडे ह्या आठवड्यात रात्र सकाळी असते. बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, आता ठीक आहे. कपडे दोन दिवस दोरीवर राहिले तरी मी स्वतःला शिव्या द्यायचं सोडून दिलं. हिंजवडीच्या दिवशी सई शाळेतून येऊन थेट तुमच्याकडे शिरायची. तुम्ही दोघी मोड आलेले वाल सोलत बसायच्या आणि ती तुम्हाला इंग्रजी शिकवायची. तुम्ही चंद्रीला "कम हियर" म्हणायच्या आणि तिनं वळून बघितलं की दोघी हसून हसून लोळायच्या. महेश म्हणायचा, घरमालकीण म्हणून भाडं ह्यांना द्यायचं की शिकवणी म्हणून ह्यांच्याकडून घ्यायचं?

आणि सातला मी खाली यायची. केस विस्कटलेले, गाऊनवर ओढणी, हातात किटली. तुम्ही धार काढून उठलेल्या असायच्या. दूध मापायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणायच्या, झोप न्हाई झाली व्हय, भांडलीस व्हय, आज बरी दिसतीयास. पाच मिनिटं. मला वाटायचं, ही खुंटी तुम्ही माझ्यासाठी ठोकली आहे, मी आळशी, मला उठवायला. दोन वर्षं मला असंच वाटत राहिलं. मी काय शहाणी बाई आहे!

मग तुम्ही गोठ्यात घसरलात. गुडघा सुजला, आठ दिवस पाय टेकवता येईना. संतोषदादा बावधनहून आले, डॉक्टर झाला, क्ष-किरण झाले. जाताना जिन्यात त्यांनी मला गाठलं. "वहिनी, आई माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकते. ती म्हस विकायला सांगा तिला. पडली परत तर काय करायचं?"

आणि मी लागले तुमच्या मागे. कुणी सांगितलं होतं एवढं मनावर घ्यायला? पण घेतलं. मला खरंच वाटत होतं, आक्का. मला वाटत होतं, तुमचा सगळा जन्म पहाटे पाचला शेणात हात घालण्यात गेला, आता तरी एक सकाळ लोळून काढा. मी म्हणायची, "तुमचा दिवस म्हशीच्या दाव्याला बांधलेला आहे." तुम्ही म्हणायच्या, "मंग कशाला बांदू, फॅनला?" मी म्हणायची, हवं तेव्हा उठा, हवं तेव्हा जेवा, देवळात जा, माहेरी जा. एकदा तुम्ही चिडलात.

"म्हस हाय म्हून मी उठतीया. न्हाईतर कशापायी उठू?"

"स्वतःसाठी उठा की!"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. असं बघितलंत की मला वाटलं, मी काहीतरी फार मोठं बोलून गेले, पटलं ह्यांना. आता कळतं, तुम्हाला ते वाक्यच समजलं नव्हतं. स्वतःसाठी उठणं म्हणजे काय असतं? मी तरी कधी उठले आहे?

दिवाळीनंतर चंद्री गेली. घोटवड्याकडचा माणूस टेम्पो घेऊन आला. ती चढेना, तेव्हा तुम्हीच पुढे झालात, तिच्या कपाळावर हात ठेवून तिला चढवलंत, आणि वर चढवल्यावर तिच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलंत. त्या माणसानं नवं दावं आणलं होतं, ते त्यानं बांधलं. मी विचारलं, हे असं का? तुम्ही म्हणालात, "जनावर द्यावं, दावं देऊ न्हाई. गोठ्याची बरकत जाती." ते दावं तुम्ही हातात गुंडाळून घेतलंत आणि आत गेलात. त्या दिवशी तुम्ही चहा घेतला नाहीत.

आता दूध पिशवीचं यायला लागलं. महेश येता-जाता नाक्यावरून आणायचा. सातला खाली यायचं मला कारणच उरलं नाही. पहिले काही दिवस आले, तुम्ही पायरीवर बसलेल्या असायच्या. मी विचारलं, कसं वाटतंय? तुम्ही म्हणालात, "उटतीया बाई स्वतासाटी. चा पितीया आन बसतीया." मी हसले. मला तो विनोद वाटला.

दावं जिन्याच्या कठड्यावर टाकायची युक्ती माझीच. सकाळी गडबड असते, आक्का, माझी खाली फेरी होतेच असं नाही, तुम्ही उठलात की चंद्रीचं दावं कठड्यावर टाका, मी वरून दार उघडून बघेन, म्हणजे मला कळेल तुमचं सगळं ठीक आहे. केवढी हुशारी! पाच मिनिटं वाचली. तुम्ही दावं टाकायच्या, मी वरून बघायची, कधी हात करायची, कधी तुम्ही आत गेलेल्या असायच्या. तोंड दाखवणं बंद झालं ते असं.

जानेवारीत एकदा दावं दिसलं नाही. मी एका महत्त्वाच्या मीटिंगमध्ये होते, मधूनच उठून दार उघडलं, कठडा मोकळा. कानातलं तसंच लोंबत, जिन्यावरून धावत खाली आले, तुमचं दार उघडंच, तुम्ही नाही. मागच्या अंगणात तुम्ही उन्हाला पाय पसरून बसला होतात, सूप मांडीवर.

"काय गं? मेले न्हाई अजून. इसरले."

आणि मी काय केलं? जीव भांड्यात पडला म्हणून तुमच्या गळ्यात पडावं की नाही? मी तडतडले. "माझ्या वरिष्ठांसमोरून उठून आले मी! असं करू नका. हे सातचं बंधनच नको आता. जमेल तसं टाका, दिवसात कधीतरी दिसलं म्हणजे झालं. तुम्हीच शिकवलंत ना, दावं सैल ठेव म्हणून?"

तुम्ही सुपातून मान वर केली नाहीत. "दावं सैल ठेव म्हनले हुते. खुंटी उपट म्हनले न्हवते."

मी म्हणाले, "मला कॉल आहे." निघाले. जिन्यापर्यंत आले तेव्हा मागून तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. तुम्ही माझं एका शब्दात कधी काही ऐकलं नव्हतं. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. मी वर गेले, म्यूट काढला आणि सॉरी म्हणाले. तुम्हाला नाही, त्या लोकांना.

तुम्हाला सॉरी म्हणायचं राहिलं ते राहिलंच. रोज वाटायचं, जाईन खाली, बसेन घटकाभर. पण आता वेळ सैल होती ना. आज नाही तर उद्या. ज्या गोष्टीला वेळ ठरलेली नसते तिला कधीच वेळ नसते, हे मी तुमच्याकडूनच शिकायला पाहिजे होतं, आणि शिकले कधी, तर आता.

त्या दिवशी महेशची थर्ड शिफ्ट होती. साडेसातला तो आला, मी दार उघडलं आणि कठडा बघितला. बघितला, आक्का. दिसला नाही असं मी म्हणू शकत नाही. मोकळा होता. थंडी होती, मनात म्हटलं, लोळत असतील. बरं आहे, लोळू देत. भात वाढला, तिघं जेवलो. व्हॅन आली तेव्हा सई नेहमीप्रमाणे जिन्यातून ओरडली, "आक्का, टाटा!" खालून काही आलं नाही. ती परत ओरडायला लागली तर मी तिच्या पाठीत धपाटा घातला. "झोपल्यात त्या. ओरडू नको."

ते माझं वाक्य मला दिवसातून शंभरदा ऐकू येतं.

अकराला पाणी प्यायला उठले, दार उघडलं, दावं नव्हतं. विसरल्या असतील, मागच्या अंगणात असतील. एकला कॉल संपला, दुसरा सुरू झाला. दोन कॉलच्या मधे चार मिनिटं होती. चार मिनिटांत खाली जाऊन येता येतं. मी कुकर लावला. महेश झोपलेला होता. पावणेचारला व्हॅन आली, सई खालीच थांबली, नेहमीसारखी तुमच्याकडे. दोनच मिनिटांत वर आली. "आई, आक्का दार उघडत नाही."

पुढचं दार आतून कडीबंद. महेशनं गोठ्याकडचं दार खांद्यानं उघडलं. चुलीवर चहाचं आधण उकळून आटून गेलेलं, चूल विझलेली. तुम्ही पुढच्या दारापासून दोन हातांवर पडला होतात. अंगावर शाल, डोक्यावरून पदर नीट. आणि हातात दावं.

तुम्ही दावं टाकायलाच निघाला होतात.

महेश नंतर म्हणाला, "मी थर्ड शिफ्टला साडेसातला यायचो ना, तेव्हा दावं कठड्यावर रोज असायचं. एक दिवस चुकलं नाही." मला वाटत होतं, तुम्हीही सैल झाला असाल. मी दहाला बघायची, बाराला बघायची, कधी बघायचीच नाही. तुम्ही सातलाच टाकत होतात. मी "जमेल तसं" म्हटल्यावरही. तुमच्याकडून खुंटी सुटली नव्हती. मी एकटीनंच ती उपटली, आणि तुम्हाला सांगून उपटली.

डॉक्टर म्हणाले, सकाळी झालं असावं. मी विचारलं, लगेच कळलं असतं तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी परत विचारलं. आठला आणलं असतं तर? नऊला? ते म्हणाले, ताई, खरंच सांगता येत नाही. महेश म्हणतो, याचा अर्थ उपयोग झाला नसता. मी म्हणते, याचा अर्थ झालाही असता. आम्ही ह्यावर भांडतो, मग तो कामाला जातो.

चंद्री असती तर ओरडली असती. वैरण-पाण्याची वेळ टळली की ती सगळं गाव डोक्यावर घ्यायची, तुम्हीच सांगायच्या. सव्वासातला तिनं हंबरडा फोडला असता आणि मी शिव्या देत खाली आले असते. तिला मी घालवलं. तुम्हाला मोकळं करायला. किती मोकळं केलं मी तुम्हाला! जवळजवळ नऊ तास तुम्ही त्या फरशीवर पडून होतात, आणि तुमच्या डोक्यावर, बरोब्बर तुमच्या डोक्यावर, मी खुर्ची सरकवत होते, सगळ्यांना माझा आवाज नीट येतोय ना म्हणून विचारत होते. तुम्हाला येत होता का, आक्का? मला हेच विचारायचं आहे आणि उत्तर नको आहे.

दहाव्याला घाटावरून आल्यावर संतोषदादा माझ्याजवळ येऊन बसले. डोळे सुजलेले. म्हणाले, "वहिनी, मी आईला म्हणायचो, सकाळचा फोन करत जातो तुला. तर ती म्हणायची, नको, तुजी हापिसाची घाई आसती. सातला अश्विनी तोंड बघून जाती माजं. म्हणून मी निश्चिंत होतो. तुम्ही होतात म्हणून आई एकटी न्हवती."

तेव्हा मला कळलं, सातची खुंटी कुणासाठी होती. मला उठवायला नव्हतीच ती. घरात एकटी राहणारी बाई, रोज कुणीतरी आपलं तोंड बघावं म्हणून दुधाचं निमित्त करत होती, आणि मागायची लाज वाटते म्हणून मला शिकवत होती. आणि चंद्री गेल्यावर, मी खाली यायचं बंद केल्यावर, तुम्ही लेकाला खोटं सांगत राहिलात. मला पाठीशी घातलंत की स्वतःला समजावलंत, कोण जाणे.

मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. दादा, मी येत नव्हते. दादा, मी तिला म्हणाले होते, नको ते सातचं बंधन. माझं तोंड उघडलंही. ते म्हणाले, "तुमचे उपकार मी इसरणार न्हाई," आणि हात जोडले. मी मान हलवली. एवढी भांडकुदळ बाई मी, आणि मान हलवली. आता ते जन्मभर माझे उपकार मानतील.

काल ते सामान न्यायला आले होते. घराला आता कुलूप लावणार. टेम्पोत तुमची पेटी, ट्रंक, तांब्याचा हंडा, गाद्या. "काही पायजे का वहिनी, आठवण म्हणून?" त्यांनी विचारलं. दावं पाहिजे होतं मला. पण दावं कशाला, असं त्यांनी विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, नको दादा, काही नको. ते आत गेले, गाद्या बांधायला काही मिळेना, तर दाराजवळच्या खिळ्याला दावं लटकत होतं, ते त्यांनी घेतलं. गाद्यांना दोन वेढे देऊन आवळून गाठ मारली. मी पायरीवर उभी होते. जनावर द्यावं, दावं देऊ नये. मला ओरडायचं होतं. टेम्पो पिरंगुटच्या रस्त्याला लागला तरी मी तिथंच उभी होते.

सई आता शाळेतून आली की सरळ वर येते. खाली बघत नाही. कालच मला म्हणाली, "आई, त्या दिवशी मी जोरात ओरडले असते ना, तर आक्कानं ऐकलं असतं." मी तिला जवळ घेतलं. तुझी चूक नाही म्हणाले. तिनं विचारलं, मग कुणाची? सहा वर्षांच्या लेकराला मी काय सांगू? तिला अंधार पडायच्या आत जेवायला घातलं. तेवढं जमलं.

फ्रिजवरच्या कागदावरची पहिली ओळ महेशनं खोडायला घेतली होती. मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला, तो कोपऱ्यात थोडा फाटला. ती ओळ तशीच आहे, सातला खाली जायचं.

म्हणून मी जाते. रोज सातला दार उघडते, जिना उतरते, तुमच्या दारासमोर उभी राहते. केस विस्कटलेले असतात, गाऊनवर ओढणी असते. महेश म्हणतो, आता तिथं कोण आहे बघायला? कुणी नाही, मला माहीत आहे. पाच मिनिटं तोंड दाखवते आणि वर येते. चौदा दिवस झाले, आक्का, मला एकदाही उशीर झालेला नाही.